स्फुरण : एका लक्षणाचा इतिहास

पुरुषाचा उजवा डोळा लवला तर शुभ, स्त्रीचा डावा लवला तर शुभ, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो. वीरांचे बाहू स्फुरण पावतात असे पोवाड्यांत ऐकले. आमचे गुजराती शेजारी 'आंख फरके छे' म्हणतात आणि तेही त्यात शकुनच शोधतात. आपल्या हुकुमाविना शरीराचा एखादा भाग आपोआप हलावा, याचे कुतूहल माणसाला फार जुने आहे. परंतु काही थोड्या माणसांच्या नशिबी हेच स्फुरण एका दुर्धर रोगाची खूण होऊन येते. त्या खुणेकडे माणूस कसकसा पाहत गेला, त्याचा हा इतिहास आहे.

मी इतिहासाचा शिक्षक. वैद्यकाशी माझा संबंध रुग्णाचा नातेवाईक एवढाच. वाचकांनी सुरुवातीला थोडे घरगुती बोलू द्यावे.

दाजींचा अंगठा

आमच्या नवापूरच्या रेल्वे स्थानकावर एका बाकाचे अर्धे अंग महाराष्ट्रात आणि अर्धे गुजरातेत आहे, हे आता सर्वांना ठाऊक आहे. त्या बाकासमोरून जाणाऱ्या ताप्ती लाइनने खानदेशातील किती पिढ्या पोटासाठी सुरतेला गेल्या, त्याची मोजदाद नाही. उधना, लिंबायत, दिंडोली या भागांत फिरले तर कानावर गुजरातीइतकीच अहिराणी येते. माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, आमचे दाजी, त्यांतलेच. दहावी पास होऊन ते सुरतेस गेले, यंत्रमागावर उभे राहिले आणि पुढे जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारे कारागीर झाले. तुटलेल्या धाग्याला अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत धरून क्षणात गाठ मारण्यात त्यांचा हात कुणी धरीत नसे. दुसरा अभिमान होता तो सहीचा. मराठी वळणाची, खाली रेघ ओढलेली, ऐटदार सही.

२०१५ च्या दिवाळीत त्यांच्या उजव्या हाताची गाठ चुकू लागली. अंगठ्याच्या मुळाशी असलेला मांसल उंचवटा बसत चालला होता. 'मांडीत आणि दंडात काहीतरी फुरफुरतं, जसं कातडीखाली किडा चालावा,' असे ते सांगत. एका दवाखान्यात या फुरफुरीचे 'अशक्ति' एवढेच गुजराती भाषांतर झाले आणि शक्तीची इंजेक्शने मिळाली. दुसरीकडे मानेच्या मणक्यांचे चित्र काढले. पन्नाशी ओलांडलेल्या कष्टकऱ्याच्या मानेत झीज सापडणारच, ती सापडली. पट्टा झाला, शेक झाला, आणि शेवटी कर्ज काढून शस्त्रक्रियाही झाली. हात मात्र वाळतच राहिला. मूळ रोगाचे नाव कळेपर्यंत चौदा महिने गेले. ते नाव होते मोटर न्यूरॉन डिसीज.

कुणा एकाला दोष देण्यासाठी मी हे लिहीत नाही. पुढे वाचनात आले की जगभर या रोगाचे निदान होण्यास साधारण वर्षभर लागते आणि मानेच्या मणक्यांशी त्याची गल्लत होणे ही सर्वत्र आढळणारी चूक आहे. ज्या रोगाचे नाव जगाला दीडशे वर्षे माहीत आहे, तो ओळखायला इतका उशीर का व्हावा, हा प्रश्न मला छळू लागला आणि त्याच्या मागे मी इतिहासात शिरलो.

पॅरिसमधील पाहणारे

मेंदूतून हालचालीचा हुकूम निघतो तो दोन टप्प्यांनी स्नायूपर्यंत पोहोचतो. पहिला जासूद मेंदूतून मज्जारज्जूपर्यंत येतो; दुसरा तेथून निघून स्नायूत जातो. हुकूम वाहणाऱ्या या मज्जापेशी म्हणजेच मोटर न्यूरॉन. पोलिओचा विषाणू यांपैकी दुसऱ्या टप्प्याच्या पेशींवर घाला घालतो, हे आमच्या पिढीने डोळ्यांनी पाहिले आहे. मोटर न्यूरॉन डिसीजच्या नेहमीच्या प्रकारात दोन्ही टप्प्यांचे जासूद हळूहळू मरत जातात. बुद्धी बहुधा शाबूत राहते, स्पर्श कळतो, डोळे हलतात. हात, पाय, जीभ आणि शेवटी श्वासाचे स्नायू मात्र हुकुमाविना पडून राहतात.

१८५० साली पॅरिसमध्ये फ्रान्स्वा आराँ या वैद्याने स्नायू क्रमाक्रमाने वाळत जाण्याच्या या विकाराचे अकरा रुग्ण वर्णन केले. त्यांत एक जहाजाचा कप्तान होता. त्याच काळात दुशेन नावाचा वैद्य विजेची पेटी घेऊन पॅरिसच्या रुग्णालयांतून हिंडत असे आणि कोणता स्नायू विजेला जाब देतो, कोणता देत नाही, हे तपासत असे. दोष स्नायूचाच असावा असे तेव्हा वाटत होते. १८५३ मध्ये क्रूवेल्ये याने शवविच्छेदनात पाहिले की मज्जारज्जूच्या पुढच्या बाजूने निघणाऱ्या मज्जातंतूंची मुळे बारीक झाली आहेत. दोष स्नायूच्या मागे, हुकूम वाहणाऱ्या वाटेवर आहे, याचा तो पहिला ठोस पुरावा.

यापुढचे श्रेय झाँ-मार्तँ शार्को याचे. पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयात हजारो गरीब, वृद्ध आणि व्याधिग्रस्त स्त्रिया आयुष्यभरासाठी पडून असत. शार्को रुग्णाला समोर बसवून बराच वेळ नुसता पाहत राही. त्याच्याकडे काही महिने शिकलेल्या फ्रॉइडनेही, १८९३ साली त्याच्या मृत्यूनंतर लिहिताना, त्याच्या या पाहण्याच्या शक्तीचा गौरव केला. जिवंतपणी पाहिलेली लक्षणे आणि मृत्यूनंतर मज्जारज्जूत दिसलेले बदल यांची शार्कोने सांगड घातली. एकाच हातात स्नायू वाळलेलाही आहे आणि ठोका मारल्यावर उसळतोही आहे, ही विसंगती म्हणजे दोन्ही टप्पे एकाच वेळी बिघडल्याची साक्ष, हे त्याने दाखवले. १८६९ मध्ये जोफ्रुआ या सहकाऱ्यासह त्याने यावर लिहिले आणि १८७४ मध्ये रोगाला नाव दिले. आज 'ए.एल.एस.' ही त्याचीच आद्याक्षरे आहेत. अमेरिकेत मात्र लोक त्याला बेसबॉलपटू लू गेरिगच्या नावाने ओळखतात. त्याचे निदान १९३९ मध्ये झाले आणि १९४१ मध्ये तो वारला. शास्त्रज्ञ स्टीफन हॉकिंग यांना एकविसाव्या वर्षी, १९६३ साली, हा रोग सांगितला गेला, तरी ते २०१८ पर्यंत जगले. असा दीर्घ काळ अपवादालाच मिळतो. बहुतेकांना लक्षणे दिसू लागल्यापासून दोन ते पाच वर्षे मिळतात.

सुई आणि दोन शब्द

रोगाला नाव मिळाले, तरी जिवंत माणसात दुसऱ्या टप्प्याची पेशी मरते आहे हे सिद्ध कसे करायचे? १९२९ मध्ये एड्रियन आणि ब्राँक यांनी पोकळ सुईच्या आत बारीक तार बसवून स्नायूतील विजेची कुजबुज ऐकण्याची सोय केली. ई.एम.जी. या तपासणीचा पाया तो. १९३८ मध्ये लंडनमध्ये डेनी-ब्राउन आणि पेनीबेकर यांनी त्या सुईच्या आधाराने एक जुना घोळ निस्तरला. तोपर्यंत स्नायूच्या सगळ्याच फडफडीला एकच शब्द वापरीत. या दोघांनी दोन वेगळ्या गोष्टी दाखवल्या. मज्जातंतू तुटल्यामुळे पोरका झालेला एकेक स्नायूतंतू स्वतःशीच थरथरतो. ती थरथर कातडीवरून दिसत नाही, सुईलाच कळते. दुसरी गोष्ट म्हणजे एका मज्जापेशीच्या ताब्यातील तंतूंची अख्खी जुडी एकदम उडते. ती कातडीखाली दिसते आणि रुग्णाला जाणवतेही. तिला त्यांनी 'फॅसिक्युलेशन' म्हटले. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ लहान जुडी. दाजी ज्याला फुरफूर म्हणत होते ती हीच.

सुई उपयोगी, पण तिच्या मर्यादाही आहेत. ती टोचावी लागते आणि जेथे टोचली तेवढ्याच जागेचे सांगते. जुडी कधी उडेल याचा नेम नसतो. जिभेत सुई घालून जीभ सैल सोडा म्हणणे, हे ज्याने अनुभवले त्यालाच कळेल.

सुरतेचा सुपुत्र आणि १९७१ ची साथ

या इतिहासात आपल्या देशाचा आणि सुरतेचाही धागा आहे. डॉ. नोशीर वाडिया यांचा जन्म १९२५ साली सुरतेत एका पारशी कुटुंबात झाला. इंग्लंडमध्ये मज्जाविकारांचे शिक्षण घेऊन ते परतले आणि मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात त्यांनी या शाखेचा विभाग नावारूपाला आणला. १९७१ मध्ये मुंबईत डोळे येण्याची मोठी साथ आली. कलकत्त्याकडे तिला लोक 'जय बांगला' म्हणत. आमच्या वडीलधाऱ्यांना ती आजही आठवते. डोळे बरे झाल्यावर काही दिवसांनी काही प्रौढ माणसांचे पाय पोलिओसारखे लुळे पडू लागले. डोळ्यांचा आजार आणि पायांचा लुळेपणा या वरवर असंबद्ध गोष्टींतील संबंध वाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ओळखला आणि १९७३ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकातून जगापुढे ठेवला. हा विषाणूही त्याच दुसऱ्या टप्प्याच्या पेशींना गाठत होता. 'तीन आठवड्यांपूर्वी माझे डोळे आले होते' हे रुग्णाचे बोलणे कुणी कानामागे टाकले असते, तर हा धागा जुळला नसता. वाडियांना २०१२ मध्ये पद्मभूषण मिळाले. २०१६ मध्ये ते निवर्तले.

दक्षिणेतही काम झाले. १९७० मध्ये मद्रासच्या मीनाक्षिसुंदरम, जगन्नाथन आणि राममूर्ती यांनी तरुण वयात सुरू होणारा, ऐकू कमी येणारा आणि संथपणे वाढणारा एक प्रकार नोंदवला. तो जगाच्या ग्रंथांत मद्रासच्या नावानेच आहे. १९८४ मध्ये बंगळूरच्या गौरी देवी आणि सहकाऱ्यांनी एकच हात किंवा एकच पाय वाळण्याच्या विकाराचे वर्णन केले. तो बहुधा तरुण पुरुषांना होतो, काही वर्षे वाढतो आणि मग थांबतो. हात वाळला म्हणजे मरणाचीच चिठ्ठी आली असे नसते, हा धीर त्या संशोधनाने अनेक घरांना दिला. म्हणूनच निदान लवकर व्हावे तसे ते नेमकेही व्हावे लागते.

न ऐकू येणारा आवाज

आता ध्वनीकडे वळू. वटवाघूळ अंधारात कानाने वाट काढते, हे इटलीतील स्पालांझानी याने १७९० च्या दशकात प्रयोगांनी दाखवले. १८८० मध्ये क्युरी बंधूंना आढळले की काही स्फटिक दाबले की त्यांत वीज उत्पन्न होते. पुढे उलटेही सिद्ध झाले, की वीज दिली तर स्फटिक कंप पावतो. पहिल्या महायुद्धात लांजव्हँ याने पाणबुड्या शोधण्यासाठी अशा स्फटिकांचा उपयोग केला. कान ऐकू शकत नाही असा तो ध्वनी वस्तूवर आपटून परत येतो आणि किती वेळात आला यावरून अंतर कळते. ग्लासगो हे जहाजे बांधणारे शहर. तेथे धातूतील चिरा शोधण्याची यंत्रे होती. तेथील इयन डोनाल्ड या वैद्याने तेच तंत्र माणसाच्या पोटावर वापरले आणि १९५८ मध्ये ते प्रसिद्ध केले. आपण जिला सोनोग्राफी म्हणतो तिची सुरुवात ही अशी.

स्नायूंवर तिचा पद्धतशीर उपयोग लंडनमध्ये हेकमॅट आणि डुबोविट्झ यांनी मुलांच्या स्नायुविकारांसाठी केला आणि १९८० साली तो मांडला. निरोगी स्नायूचा आडवा छेद पडद्यावर चांदण्या रात्रीच्या आभाळासारखा दिसतो, काळ्यावर पांढरे ठिपके. स्नायू आजारी पडला की त्यात चरबी आणि तंतुमय ऊतक भरते, ध्वनी जागोजाग परततो आणि आभाळ पांढुरके होत जाते. या पांढरेपणाच्या त्यांनी चार पायऱ्या ठरवल्या.

मोटर न्यूरॉनच्या रोगात आणखी एक गोष्ट दिसते. सोनोग्राफीचे चित्र हलते असते, म्हणून जुडी उडाली की ती उडताना दिसते. १९९० च्या सुमारास अमेरिका आणि जर्मनीतील वैद्यांनी हे नोंदवले. यंत्राची मूठ एका जागी स्थिर धरायची, रुग्णाने अंग सैल सोडायचे आणि काही सेकंद नुसते पाहत राहायचे. कातडीवरून न दिसणारी, खोल मांडीतली, पाठीतली फडफडही पडद्यावर येते. हनुवटीखाली मूठ ठेवली की जीभ दिसते, टोचण्याची गरजच नाही. पुढे २००६ साली जपानमधील आवाजी येथे जमलेल्या तज्ज्ञांनी निदानाच्या नियमांत या फडफडीला पूर्वीपेक्षा मोठे स्थान दिले. ते नियम २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यामुळे सोनोग्राफीचे महत्त्व वाढले. २०११ मध्ये जपानच्या चिबा विद्यापीठातील वैद्यांनी दाखवले की सुईच्या जोडीला सोनोग्राफी घेतली तर अधिक रुग्णांचे निदान पक्के करता येते, आणि जिभेच्या बाबतीत तर तिची नजर सुईपेक्षा फार तीक्ष्ण आहे. नेदरलँडमधील नायमेखन येथेही या तंत्रावर मोठे काम झाले.

सुरतेतील ती खोली

जानेवारी २०१७ मध्ये सुरतेतील एका तरुण डॉक्टरीणबाईंनी दाजींना पलंगावर निजवले. मी सोबत होतो. बाई गुजराती, दाजी अर्धे गुजराती अर्धे अहिराणी बोलणारे. सुईची तपासणी व्हायची होती. त्याआधी त्यांनी मांडीवर थंडगार जेल लावले आणि यंत्राची मूठ ठेवली. कुणी बोलत नव्हते. पडद्यावर काळ्या पाण्यात मासळीने शेपूट मारावी तसे काहीतरी हलले. पुन्हा हलले. दंडात तेच, हनुवटीखाली ठेवल्यावर जिभेत तेच.

'जुओ काका, आ फरके छे,' बाई हलक्या आवाजात म्हणाल्या.

दाजींनी मान वळवून पडद्याकडे पाहिले आणि मग माझ्याकडे. 'पाहा मास्तर, मी म्हणत नव्हतो? फुरफुरतं म्हणून?'

त्या क्षणी त्यांच्या चेहऱ्यावर भीती नव्हती, समाधान होते. चौदा महिने जे बोलणे कुणाच्या वहीत उतरले नाही, ते पडद्यावर उतरले होते. रोगाचे नाव आणि त्याचा अर्थ आठवड्याभरात कळला; तेव्हा जे व्हायचे ते झालेच.

या यंत्राविषयी आपल्या दोन्ही राज्यांना एक कडू गोष्टही आठवावी लागेल. पोटातील मुलगी ओळखून तिला नाहीशी करण्यासाठी आपण हेच यंत्र वापरले. महाराष्ट्राला १९८८ मध्ये त्याविरुद्ध कायदा करावा लागला, देशाला १९९४ मध्ये. २०११ च्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलांमागे मुली महाराष्ट्रात ८९४ आणि गुजरातेत ८९० होत्या. आज स्नायू पाहण्यासाठी घेतलेल्या यंत्रालाही नोंदणीतून सूट नाही आणि ते नोंदलेल्या जागेबाहेर नेण्यावर कडक बंधने आहेत. हे जाचक वाटले तरी ते बंधन आपणच ओढवून घेतले आहे. ग्लासगोच्या त्या वैद्याने पाहण्याची शक्ती दिली. काय पाहायचे ते आपण ठरवले.

जे दिसते आणि जे दिसत नाही

यंत्राची भलावण करताना त्याच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. थकव्याने, जागरणाने, अति चहाकॉफीने निरोगी माणसाची पापणी लवते, पोटरी फडफडते. त्यात घाबरण्यासारखे काही नसते. स्नायू वाळत नसेल, बळ कमी होत नसेल, तर नुसत्या फुरफुरीला कुणी भिऊ नये. मूठ थोडी तिरपी धरली तरी पांढरेपणा बदलतो, म्हणून पाहणाऱ्याचा हात तयार लागतो. पहिल्या टप्प्याची, मेंदूतील पेशी स्नायूच्या सोनोग्राफीत दिसत नाही; तेथे शार्कोच्या काळापासून चालत आलेली ठोक्याची परीक्षाच लागते. मज्जातंतूंचे काही आजार असेच दिसतात आणि ते औषधाने सुधारतात. ते आधी वगळावे लागतात. सोनोग्राफी ही साक्षीदार आहे, न्यायाधीश नव्हे.

आणि उपचार? १९९५ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेले रिलुझोल हे औषध आयुष्य काही महिन्यांनी वाढवते. एका विशिष्ट जनुकदोषाच्या थोड्या रुग्णांसाठी २०२३ मध्ये तेथे टोफर्सेन या औषधाला मान्यता मिळाली. श्वासाला मदत करणारे यंत्र आणि पोटातून अन्न देण्याची नळी यांनी त्रास हलका होतो. रोग बरा करणारे औषध अजून नाही.

मग लवकर कळून काय उपयोग, असे एका नातेवाइकांनी मला विचारले होते. त्यांना मी दाजींच्या गावच्या जमिनीची गोष्ट सांगितली. निदान झाल्यावर भावांमधली वाटणी पुरी करायला आम्ही दाजींना तालुक्याला नेले. तोवर उजवा हात गेला होता. दहावी पास झालेल्या, ऐटदार सहीच्या त्या माणसाने कागदावर डावा अंगठा उठवला. माझी ताई त्या बोटावरची शाई पदराने पुसत होती. 'मास्तर, एक वरीस आधी कळतं, तर सही केली असती,' एवढेच दाजी म्हणाले. वर्षभर आधी कळते तर ते वाचले असते असे नाही. शस्त्रक्रियेचे कर्ज मात्र झाले नसते, आणि ती सही त्यांची असती.

२०१९ च्या पावसाळ्यात दाजी गेले.

आराँने मोजले, शार्कोने पाहिले, डेनी-ब्राउनने सुईने ऐकले, वाडियांनी असंबद्ध वाटणारे बोलणे जोडून पाहिले, आणि आता न ऐकू येणाऱ्या आवाजाने ते पडद्यावर दिसते. दीडशे वर्षांच्या या वाटचालीत दर वेळी माणूस रुग्णाच्या बोलण्याच्या थोडा अधिक जवळ गेला. आपल्या सीमाभागात दवाखान्याची भाषा एक आणि घरची दुसरी असते. तेव्हा आपल्यातला कुणी आजारी असेल तर त्याच्यासोबत जाणाऱ्याने त्याचा शब्द जसाच्या तसा डॉक्टरांपुढे ठेवावा. 'फुरफुरतं' म्हणाला तर 'फुरफुरतं'च सांगावे, 'अशक्ति' सांगू नये. यंत्र पुढे येईलच. पण ते कुठे ठेवायचे, हे त्या शब्दावरून कळते.